दारावरचे निरगुडीचे कडे

मी, मनकर्णाबाई पुंजाराम गाडेकर, मूळ बिडकीनची, आज राहणार छावणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझा जन्म निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन पावसाळ्यांनी झाला असे आई सांगत असे. कागदावरची तारीख मास्तरांच्या मनाची आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी ऐकले नसते.

पहिले. छावणीतील दोन खोल्यांचे घर मुलगा रामकिसन आणि मुलगी चंद्रकला यांना सारखे निम्मे. मुलीला साडीचोळी देऊन वाटेला लावण्याची आमच्याकडची रीत मला कधीच कळली नाही. बँकेतील शिल्लकही तशीच निम्मी.

दुसरे. कोयता, आरी आणि फोक भिजवण्याचे घंगाळ चंद्रकलेला. ही हत्यारे कशाची, ते नातवंडांना माहीत असावे म्हणून सविस्तर लिहिते.

मी लग्न होऊन छावणीत आले तेव्हा शेजारी सरूबाई राहायची. ती दवाखान्यात नर्स. नाताळात तिने दाराला हिरव्या पानांचे गोल कडे लावले. मी थांबून बघत राहिले. आपल्याकडे तोरण आडवे. मी विचारले, "सरूबाई, हे गोल का गं?"

ती म्हणाली, "मिशनातल्या बाई असंच लावायच्या. मी कधी विचारलंच नाय. तूच शोध अन् मला सांग."

ते मला अजून सापडलेले नाही. पण माझी आई निरगुडीच्या फोकांच्या, म्हणजे लवचिक काड्यांच्या, धान्याच्या कणग्या विणायची, तेवढे हातात होते. मी ओले फोक वाकवून कडे केले, पिळा घालून बांधले आणि दारावर टांगले. मग प्रश्न पडला, यात खोवायचे काय? नाताळची पाने माझी नव्हती.

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, गंगापूरच्या गाडीवर. त्यांनी पहिल्यांदा उसाचा तुरा आणला. मग वेचणीच्या दिवसांत बोंडासकट कापसाच्या काड्या. चैत्रात कडुनिंबाचा मोहोर, उन्हाळ्यात वाळा; त्यावर पाणी मारले की खोली गार. श्रावणात आघाडा आणि तेरडा, दसऱ्याला झेंडू आणि बाजरीची कणसे. कडे तेच, ऋतू बदलले की अंगावरचे बदलायचे. "हे सगळं देतं कोण?" असे मी विचारले की ते म्हणत, "प्याशिंजर."

तिसरे. थोरल्या जाऊबाई दगडाबाई यांच्याबद्दल. यजमान नोकरीत असतानाच अचानक गेले. दिवस झाल्यावर जाऊबाईंनी दारावरचे कडे ओढून काढले आणि पाणी तापवायच्या चुलीत घातले. "रांडवलेल्या बाईच्या दाराला तोरण? लोक तोंडात शेण घालतील." निरगुडी जळताना कडवट वास येतो, तो मी उभी राहून घेतला. खिळा तसाच राहिला.

त्या थंडीत यजमानांच्या गाडीचे ड्रायव्हर काकासाहेब दारात आले. हातात उसाचे तुरे. म्हणाले, "वहिनी, गंगापूरच्या बाया इचारत्यात, कंडक्टरच्या दाराला औंदा काय लावलं? मी काय सांगू?"

मला रडू यायला हवे होते. आले ते कुतूहल. ज्यांनी माझे दार कधी बघितले नाही, त्या बाया वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रानातून काय काय खुडत होत्या. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीत बसले. गंगापूरच्या स्टँडवर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या भागूबाईने, काकासाहेबांनी मी कोण ते सांगताच, आधी हेच विचारले, "ते गोल हाय म्हणं? म्हंजी चाळणीवानी?"

"चाळणीच्या काठावानी. मधी मोकळं."

"मधी मोकळं कशापायी?"

मी हसले. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा. परतीच्या गाडीत ती पाट्या सोडून माझ्याबरोबर आली, घंगाळाशी बसली आणि नवे कडे आम्ही दोघींनी मिळून बांधले. तुरे तिने खोवले. जाऊबाईंनी माझ्याकडे येणे बंद केले.

पुढे भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, गेले. मी वर्षश्राद्धाला बिडकीनला जाऊबाईंच्या घरी गेले तेव्हा नवे कडे घेऊन गेले आणि न विचारता त्यांच्या चौकटीला खिळा ठोकला. त्या बघत बसल्या.

"मनकर्णे, म्या जाळलं व्हतं ना गं तुझं?"

"व्हय."

"मंग मला कशाला?"

"औंदाची बाजरी बघू द्या. चार कणसं आणा."

त्यांनी आणली. उंबऱ्यावर बसून त्यांनी स्वतःच खोवली, वाकडी. सबब माझा पितळी डबा आणि निळे लुगडे जाऊबाईंना द्यावे. आमचा हिशोब मिटलेला नाही, पण आम्ही आता तो मांडत नाही.

चौथे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही असे वकील म्हणाले. म्हणून सरूबाई आणि काकासाहेब यांच्या नावे काही लिहिलेले नाही. माझे मन त्यांना ठाऊक आहे.

पाचवे. दारावरचे कडे दोन्ही लेकरांना हवे आहे, आणि त्यावरून दिवाळीत अबोला झाला. ते मी कोणालाच देत नाही. निरगुडी वाळते, मग तुटते. आजचे कडे कितवे ते मलाही आठवत नाही. ज्याला पाहिजे त्याने ओढ्याकाठी जावे, फोक कापावेत, भिजवावेत. रामकिसनच्या फ्लॅटच्या जाळीच्या दरवाजालाही ते अडकते, मी बघून ठेवले आहे.

सहावे आणि शेवटचे. माझ्या सुतकात दार मोकळे ठेवू नये. मी कोणत्या ऋतूत जाईन, दारावर मोहोर असेल की कणीस, हे मला ठाऊक नाही. फार जाणून घ्यावेसे वाटते. त्या दिवशी रानात जे असेल ते लावा.

लिहून देणार : मनकर्णाबाई पुंजाराम गाडेकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी वाचून पाहून सही केली :
१. सरूबाई योहान साळवे, निवृत्त परिचारिका (सही)
२. काकासाहेब लक्ष्मण वाघचौरे, निवृत्त एसटी चालक (सही)

ठिकाण : छावणी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ जून २०२४