गुडघ्याची सुट्टी

प्रिय ताई, धाकट्याचा वाकून नमस्कार.

पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही पार पाडून शर्यत पुरी केली. त्यापायी पायाची दोन नखं गेली आणि तुझी साठी चुकली. नखं परत येतील.

काळजी करू नकोस. आता चार महिने शर्यत नाही. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "आधी गुडघा बरा करा, नाहीतर पुढची शर्यत खुर्चीत बसून बघा." म्हणून महिनाभर नुसतं पोहायचं, मग हलकी सायकल, धावणं सगळ्यात शेवटी. धावणं सुरू होण्याआधी पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येतो. भाऊजी रोज फिरायला जातात ना? त्यांच्याच चालीने चालेन.

धंदा छान चाललाय. कारखान्यात कुठल्या यंत्राचं बेअरिंग निकामी होणार, ते मी अजूनही दारातूनच आवाजावर ओळखतो. माझा गुडघा चालताना वाजतो, हे मात्र बाईंनीच मला सांगितलं.

तुझा धाकटा