विहीणबाईंचा मुक्काम

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज पाचवी. बिडकीनहून सुमीच्या सासूबाई आल्या. सोबत डिंकाचे लाडू, बाजरीचं पीठ, गावठी लसणाची माळ. लाडू मीही केलेत, दोन डबे. त्यांचे आधी संपायला लागले. बाळंतीण एवढे खात नाही. तिचा बाप खातो.

यापुढे त्यांना वि.बा. लिहीन. 'विहीणबाई' पूर्ण लिहायची इच्छा नाही.

वि.बा.नी हातपाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं आणि पोर गप्प. सकाळपासून मी तिला खांद्यावर घेत होते, पालथी घेत होते, पाठ चोळत होते. मी! बाळंतिणींच्या वॉर्डात जिचे केस पांढरे झाले ती. योगायोग असणार. ढेकर अडकला होता, तो नेमका त्यांच्या मांडीवर सुटला.

पूजा झाली. त्या निघायचं म्हणाल्या. आमचे हे (रिटायर झाल्यापासून घरातच, मतं पिकवत): "राहा ना बारशापर्यंत. ही सकाळची ड्युटीवर जाते, सुमीजवळ कुणीतरी पाहिजे."

मला विचारलं? नाही. वि.बा. राहिल्या. सुनेच्या माहेरी सासू, तेही बाळंतपणात! समोरच्या काकू 'काही हवंय का' विचारायला दोनदा गेटशी येऊन गेल्या. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं.

माझी रजा पुढच्या सोमवारपासून. वर्षभर साठवली, ताप आला तरी घेतली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना लेक आणि नात माझ्यापाशी. हे मी सुमीच्या लग्नातच मनात ठरवून टाकलं होतं.

१९ नोव्हें., मंगळ.

ड्युटीवर जायच्या आधी वि.बा.ना नियम सांगितले. बाजेखाली शेगडीचा धूर नाही. काजळ नाही. मध चाटवायचा नाही. बेंबीला हळद, तेल, राख, काही नाही. कंबर कसून उभी होते, आता वाद होणार म्हणून.

"बरं. तुमी म्हंता तर नाय."

भांडायलासुद्धा काही देत नाही ही बाई.

कॉलनीच्या कार्यक्रमात मी दरवर्षी सासवांच्या नकला करते. बायका पोट धरून हसतात, त्यांच्या सासवा घरी जाऊन आठवडाभर बोलत नाहीत. काल आरशासमोर वि.बा.ची करून पाहिली. जमेना. नक्कल करायला बाईत काहीतरी खटकावं लागतं.

२०, बुध.

सुमीला पाजायला जमत नाहीये. दूध आहे, छाती दगडासारखी भरलीय. बाळी तोंड लावते, सोडते, रडते. मी नीट बसवलं. पाठीला उशी, मांडीवर उशी, बाळाचं डोकं कोपरात, पोट पोटाला. तोंड मोठं वासलं की पटकन जवळ.

"आई, किती जोरात धरतेस तिला!"

याच हातांनी अख्ख्या जिल्ह्याच्या बायकांना शिकवलं. हिलाच जोरात वाटतं. रडली. वि.बा. दारात लसूण सोलत उभ्या.

"सिस्टरबाई, च्या ठिवू का?"

माझं स्वयंपाकघर, माझं पातेलं, माझी साखर. आणि मला विचारतात, चहा घेणार का.

घेतला.

२१, गुरु.

रझियाकडून (माझ्या हाताखालची सिस्टर, चांगली पोरगी, तोंड मात्र माझ्यावर गेलंय) तिच्या घरचा झोळीचा वजनकाटा मागून आणला. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. काट्याकडे बघताना सुमीचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. काटा हलला नाही. बाळी झोळीत किंचाळली. सुमी भिंतीकडे तोंड करून झोपली. हे म्हणाले, "भाजी मोजतात तशी मोजू नको गं." यांना काय कळतंय.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसलीय. मी ड्युटीवरून येते तेव्हा बाळी गाढ झोपलेली, गाल तुकतुकीत. सुमी म्हणते, "सकाळी दोनदा मस्त प्याली." मग माझ्यासमोर का नाही? सकाळी घरात कोण असतं? वि.बा.

त्यांची पिशवी कोपऱ्यात उघडी होती. मी काही हात घातला नाही. वाकून पाहिलं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं. बाळाला वरचं दूध पाजायचं बोंडलं! 'तुमी म्हंता तर नाय' म्हणते ना बाई? मी गेटबाहेर पडले की गाईचं दूध सुरू. पोर भरल्या पोटी आईला कशाला तोंड लावेल?

आज जेवण गोड लागलं.

२२, शुक्र.

वॉर्डात एक पैठणकडची आजी. लेकीचं सिझर. आजी कॉटवरच चढून बसलेली. पदर सारते, बाळ उचलते, परत लावते, "पी की रं माझ्या राजा, पी की." लेकीचे खांदे कानाला टेकलेले. बाळ बोंबलतंय.

"आजी, बाहेर."

गेल्या. मी पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिले. थोड्या वेळाने पडद्याआडून चुटुक चुटुक.

रझिया: "मॅडम का नुस्खा! औषध-गोळी कुछ नको, बस सास कू बाहर निकालो."

आजी जिन्यात बसलेली, मांडीवर डबा. "सिस्टर, सासू नाय मी. माय हाय तिची. म्या काय वंगाळ केलं?"

"काही नाही, आजी. तुम्ही बघत बसता ना, तेवढंच."

येताना रस्ताभर तेच डोक्यात. उपाय माझाच, घरी का वापरत नाही? वि.बा.ना बाहेर काढायचं. यांना सांगितलं. "विहिणीला जा म्हणू? कोणत्या तोंडानं?" म्हटलं, पुरावा आणते, मग तुमच्याच तोंडानं सांगा.

२३, शनि.

आज वॉर्ड रझियावर सोपवून ड्युटीतून मधेच घरी आले. गेटची कडी वाजते, म्हणून दोन बोटांनी अलगद उचलली. स्वतःच्या घरात चोरासारखी, युनिफॉर्ममध्ये.

हे पेपर आणायला गेले म्हणजे पारावर बसले. पुढच्या खोलीत वि.बा. चटईवर झोपलेल्या. तोंड उघडं. असं घोरणं मी जनरल वॉर्डातही ऐकलं नाही. मांडीवर अर्धा सोललेला लसूण. पिशवी तिथंच. बोंडलं फडक्यात तसंच, गाठसुद्धा सुटलेली नाही. ओट्यावर दुधाचं पातेलं भरलेलं, साय अख्खी.

मागच्या अंगणात सुमी. उन्हात, भिंतीला टेकून, पाय पसरून. केस मोकळे. उशी नाही, काही नाही. बाळाचं डोकं खाली, हिची पाठ वाकडी. मी शिकवलं त्याच्या बरोब्बर उलट. आणि बाळी पीत होती. घोट ऐकू येत होते, मी दारात होते तरी.

सुमी तिला काहीतरी सांगत होती. आजोबा लाडू कसे चोरून खातात ते. आवाज सगळा हसरा.

मग मी दिसले.

"आई? ड्युटी सुटली?"

खांदे वर गेले. पाठ ताठ झाली. बाळाचं डोकं घाईघाईनं कोपरात घेतलं, जसं मी सांगितलंय तसं. मेट्रन राउंडला आल्यावर आम्ही पदर सारखे करतो, अगदी तसं. बाळीनं सोडलं आणि सूर लावला.

म्हटलं, "पर्स विसरले होते."

पर्स माझ्या खांद्यावर होती.

२४, रवि.

सुट्टी. दिवसभर घरी. दिवसभर बाळीची रड. मी काही बोलले नाही, हात लावला नाही, काटा माळ्यावर टाकला. नुसती खोलीत होते. तरी.

वि.बा. काय करतात? काही नाही! बसतात, लसूण सोलतात, कुणाच्या म्हशीला काय झालं ते सांगतात आणि वाक्याच्या मध्येच झोपतात. हुशार असती तर जळण्यात काही मान तरी होता. घोरणाऱ्या बाईवर जळायचं म्हणजे...

दुपारी सुमी दुपट्यांच्या घड्या घालत होती. घातलेल्या घड्या मोडून परत.

"आई, बारसं झालं की मी माईंबरोबर बिडकीनला जाऊ का?" (वि.बा.ना ती माई म्हणते.)

"सव्वा महिना व्हायचाय."

"तुला ड्युटी असते ना..."

"उद्यापासून रजा आहे माझी."

दुपट्याची चौथी घडी. ही पोरगी लहानपणी मला हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि युनिफॉर्म ओढून रडायची. जाऊ नको म्हणून. आता माझी रजा ऐकून घड्या घालते.

पैठणच्या आजीला मी जे म्हणाले ते स्वतःला म्हणायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. म्हटलं नाहीच अजून. लिहिते फक्त. आजी, बाहेर.

२५, सोम.

युनिफॉर्म घालून ड्युटीवर गेले. रजा रद्द करून मागितली. मेट्रन: "अहो, पहिली नात! सगळ्या बायका माझ्या पाया पडतात रजेसाठी!" म्हटलं, स्टाफ कमी आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. स्टाफची काळजी माझ्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

घरी सांगितलं, रजा नामंजूर. हे खवळले, "असं कसं? मी येतो तुझ्या मेट्रनकडे!" यांना आवरलं. सुमी म्हणाली, "अरेरे." मी त्या 'अरेरे'कडे कान लावून होते. थोडं वाईट वाटलं असावं. थोडंच.

दुपारी येताना गेटची कडी दोनदा वाजवली. पायरीवर बसून चपलांचे बंद सावकाश सोडले. आत गेले तर बाळी नुकती पिऊन दूध ओघळत झोपलेली. मी बघितलं आणि हात धुवायला निघाले.

"आई, नाळेची खपली पडलीय. बेंबी बघतेस का जरा?"

बघितली. कोरडी, स्वच्छ. बघायला लागतो त्याहून जास्त वेळ बघितली.

चटईवरून वि.बा.: "मी नाय बघितली बाई. मला काय कळतंय त्यातलं? म्हनलं सिस्टरबाई येऊ द्या."

बरोबर वागल्या. म्हणून जास्तच राग आला.

२६, मंगळ.

बारसं. बिडकीनची जीप भरून बायका आल्या. आत्यानं कानात नाव सांगितलं, पल्लवी. बरं आहे. मी याहून बरं ठेवलं असतं, पण मला कोण विचारतं. बोंडलं बारशाच्या भेटीचं होतं. सगळ्यांना दाखवून झालं. मीही हातात घेऊन 'वा' म्हटलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

बायका वि.बा.चं कौतुक करायला लागल्या, सुनेच्या माहेरी राहून किती केलं. तर ही बाई सगळ्यांसमोर:

"मी कशाचं! सगळं सिस्टरबाईंनी केलं. मी तर नुसती झोपले हो."

सगळ्या हसल्या. किती साधी माणसं, म्हणाल्या. ते अक्षरशः खरं आहे हे त्या खोलीत दोघींनाच माहीत. दुसरी सुमी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसली. मलाही आलं हसू. मी ते चुलीवरच्या खिरीवर ढकललं, वाफ गेली डोळ्यांत म्हटलं.

जावई मुक्कामाला आहेत. जीप उद्या दुपारी निघणार. कोणाकोणाला घेऊन, ते मी विचारलं नाही.

२७, बुध. (ड्युटी रूममध्ये)

सकाळी निघताना दाराशी दोन बॅगा. एक वि.बा.ची पिशवी, तोंड बांधलेलं. दुसरी सुमीची निळी बॅग, उघडी. वर बाळाची झबली. भरायला काढलीत की भरलेली परत काढलीत, कळायला मार्ग नाही. सुमी न्हाणीत होती. विचारता आलं असतं, दार वाजवून. नाही विचारलं.

"सिस्टरबाई, च्या घिऊन जावा."

घेतला. माई आलं छान किसून घालतात. हे मी कुणाला सांगणार नाही.

(वर 'माई' लिहिलं गेलंय. राहू दे.)

पैठणची आजी अजून जिन्यातच. "सिस्टर, आत जाऊ का आता?"

"दारातून आवाज द्या. तिनं बोलावलं की जा."

"आन नाय बोलावलं तर?"

मी आतून माझं स्टूल आणून तिला दिलं.

रझिया मघापासून मागे लागलीय. "मॅडम, जीप अभी निकली नै होगी. तुम जाव, मैं देख लेती ना." म्हटलं, ड्युटी संपल्यावर. ती म्हणाली, "क्या जिद्दी औरत है रे बाबा." तोंड माझ्यावर गेलंय म्हटलं ना.

ड्युटी संपली. आता डबा धुते आणि निघते. गेटची कडी दोनदा वाजवायची, पायरीवर बसायचं, चपला सावकाश काढायच्या. आतून कोण ओ देतं, बघू.