प्लाट बचाव मंडळाची स्थापना

४ जानेवारी
चहाला सासरे ओन्नो माझ्या बायकोशी, फ्राउकेशी, शेजाऱ्याशी, कुत्र्याशीसुद्धा प्लाटमध्ये, म्हणजे उत्तर जर्मनीच्या या किनाऱ्यावरच्या जुन्या बोलीत बोलले. माझ्याकडे वळून मात्र शाळेतल्या प्रमाण जर्मनमध्ये: "मास्तर, खडीसाखर?" हानोफर शहर सोडून इथे जावई होऊन आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. बाराशे वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या जर्मनचे उच्चार बदलले, या किनाऱ्यावर मात्र प्लाट तशीच राहिली, हे त्या टेबलावर फक्त मला माहीत. आणि मीच परका! ठरलं. वर्षभरात ओन्नो माझ्याशी प्लाट बोलतील.

११ जानेवारी, सकाळी
रोज तीस शब्द. काल नऊ झाले, पण अवघड होते. फ्राउके म्हणाली, बाबांशी नुसतं बोलत का नाहीस? चुकेन अशी भीती नाही. पद्धतशीर जायचंय, म्हणून. (हे खरं आहे का? बहुतांशी.)

२ फेब्रुवारी
भाषा टिकवायची तर संस्था हवी. नोंदणीला सात सभासद लागतात. माझ्यासकट सहा झाले. बेकरीवाली टोम्के म्हणाली, "अहो, दिवसभर तीच बोलते की मी. तिला वाचवायचं कशापासून?" इतिहासाची जाण शून्य. सही घेतली.

१९ फेब्रुवारी
सातवे ओन्नो. "बिअर असेल तर येतो" म्हणाले. नियमावली तयार. कलम चार: सभेत फक्त प्लाट, दुसऱ्या भाषेत बोलेल त्याचं मत बाद. कडक आहे. असू दे. सवलतींनीच भाषा मरतात. अध्यक्षपदाला माझ्याशिवाय आहे कोण?

७ मार्च
स्थापना सभा. भाषण पाठ होतं, उत्तम झालं. मग टोम्केने भरभर प्लाटमध्ये काहीतरी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. प्रश्न मलाच होता म्हणे. उत्तराला तोंड उघडलं आणि शाळेतली जर्मन बाहेर पडली. ओन्नोंनी शांतपणे कलम चारवर बोट ठेवलं. माझं मत बाद. टोम्के अध्यक्ष, सहा विरुद्ध शून्य. नियम माझाच, म्हणून वाद घातला नाही. प्लाटमध्ये घालताही आला नसता.

८ मार्च, दुपारी
मला चिटणीस केलंय, बिनविरोध. नोंदणीसाठी कोर्टाला सभेचा वृत्तांत शाळेतल्या जर्मनमध्येच हवा. तशी बिनचूक लिहिणारा मी एकटा. चारशे वर्षांपूर्वी प्लाट आधी सरकारी दप्तरातून गेली. गावोगावचे कारकून ही दुसरी जर्मन लिहू लागले म्हणून. दरवर्षी नववीच्या वर्गात मी त्या कारकुनांना शिव्या घालतो. तरी माघार नाही! वृत्तांत चार पानं झाला. ओन्नोंनी सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचला आणि शाळेतल्या जर्मनमध्ये, सावकाश म्हणाले, "झकास, मास्तर. एक चूक नाही."