टाकीतलं जीवामृत

तीर्थस्वरूप भिकाजीकाकांच्या पायाशी अजमानहून सुजीतचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? आम्ही इथे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनवर बोललो असतो, पण तेव्हा तुमची सून शुभ्रा शेजारीच बसलेली असते आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. म्हणून हा कागद गावी निघालेल्या मिथुनच्या हाती देतोय.

गेल्या सुट्टीत रिद्धीच्या हट्टापायी कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन फुजैराच्या किनाऱ्यावर गेलो. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर: ओटा, पलंग आणि (इथेच घात झाला) संडास. संडासातलं सगळं खालच्या टाकीत साठतं आणि परतताना ती ठरलेल्या जागी रिकामी करायची. मालकीणबाई हिबा यांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, "भाईसाब, जो पेट से आया वो, ये पतला पेपर और बहुत सारा पानी. बस, खलास." ओले रुमाल नकोत, भात नको, तेल नको. इतकं सोपं होतं, काका. रिद्धीलासुद्धा कळलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी उन्हाने वास सुटला आणि माझ्यातला शेतकरी जागा झाला (जो तुमच्या शेतात कधी अर्धा दिवसही टिकला नाही). आंब्याखाली शेण-गोमूत्र आंबवून तुम्ही पिकासाठी जीवामृत करता, ते पिंप आठवलं. कसलीही घाण असो, गूळ-बेसन पडलं की चार दिवसांत वठणीवर येते, एवढंच डोक्यात. मग तुम्ही पाठवलेला गूळ, भज्यांसाठी आणलेलं बेसन, ताक आणि मूठभर वाळू कालवून मी टाकीत ओतलं. शेण इथे कुठलं मिळायला (मूळ माल टाकीत होताच). या टाकीने नुसतं साठवायचं असतं, पचवायचं नसतं, हे काही सुचलं नाही.

दुपारी खालून गुडगुड सुरू झाली. रिद्धी म्हणाली, "बाबा, इट्स ब्रीदिंग." संध्याकाळी फेस वर आला तो थेट पलंगापर्यंत. ज्या शेजाऱ्यांनी सकाळी खजूर पाठवले होते, त्यांनी निरोपही न घेता तंबू उचलला. टाकी रिकामी करायला गेलो तर बेसन तोंडाशी घट्ट बसलेलं. मी वाकून काठीने ढोसलं आणि ते सुटलं. पुढचं वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

शुभ्रा मला धूत होती (नळीने, लांबून) आणि विचारत होती, "हे कुणी शिकवलं तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काकांनी." तेव्हापासून फार वाईट वाटतंय, काका. घास गोड लागत नाही.

तुमचा,
सुजीत

ता. क. तुम्ही डिसेंबरात आमच्याकडे येणार होतात, ते यामुळे बारगळलंय. "इथे येऊन बाथटबमध्ये काय कालवतील!" असं तिचं म्हणणं. तेव्हा एक फोन करून एवढंच म्हणा, की हो, सल्ला माझाच, चुकलं. लहानपणी मी पाटलांची काच फोडली तेव्हाही तुम्हीच "माझ्या हातून फुटली" म्हणाला होतात.

ता. क. दुसरा. फोन करू नका. वरचं वाचून माझी मलाच लाज वाटली, आत्ताच शुभ्राला खरं सांगून आलो. ती माझ्याशी बोलत नाही, पण तुमचं तिकीट तिने काढलंय. येताना गूळ आणा म्हणते. मात्र तो तिच्याच हातात द्यायचा, माझ्या नाही.