मिठाचं पाणी

आबा, माझं नाक गळतंय, पण पुढून नाही, आतून. सगळं मागच्या बाजूनं घशात उतरतं. दिवसभर खाकरायचं, गिळायचं, पुन्हा खाकरायचं. आडवं झालं की घसा भरून येतो, म्हणून अख्खा पावसाळा मी उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते आहे. तुमचे जावई बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. त्यांचंही काही चुकलं नाही. सांगलीत मला औषध न सांगितलेला माणूस आता उरला नसावा. ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली, वेखंड उगाळून कपाळाला लावून झालं. सासूबाईंनी हळकुंड जाळून धुरी दिली, तेव्हा काय पेटलं म्हणून शेजारचे धावत आले. वाफेनं नाकाची सालं निघाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप तेवढी येते, तीही वर्गात.

हे सगळं सोसलं असतं. पण माझ्याकडे पहिली आहे, आबा. या पोरांना अक्षर आधी कानानं कळतं आणि माझा आवाजच फुटत नाही. परवा मी धड्यातली ओळ वाचली आणि माझ्यामागून सगळ्या वर्गानं म्हटली, आधी नीट खाकरून. मी हसले, पण आतून हादरले. मोठ्या बाईंच्याही ते कानावर गेलं. दिवाळीनंतर पहिली दुसऱ्या बाईंकडे देऊ, तुम्ही ऑफिसातलं काम बघा, असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या. मी मान हलवली. वर्ग गेला तर त्या शाळेत मी करू काय?

तेव्हा तुम्ही आठवलात. कराडजवळच्या आपल्या घरी, गोठ्यामागच्या दगडापाशी, तोटीचा तांब्या घेऊन मान वाकडी करून उभे. पलटणीत शिकलेली ती नाक धुवायची नेती तुम्ही पेन्शनीत आल्यावरही सोडली नाहीत. आई गेली त्या वर्षी तर तुम्ही सकाळ-संध्याकाळ तिकडे जात होतात. परत येता तेव्हा मिशा ओल्या, डोळे लालभडक. मी विचारते, काय झालं. तुम्ही म्हणता, "काय न्हाई गं. नेती झोंबली." मला सर्दी झाली तेव्हा एकदा मलाही तिथं उभं केलंत. तांब्यातलं पाणी माझ्या तळहातावर ओतून म्हणालात, "पळू नगं. आदी चाखून बघ. रडताना पानी तोंडात येतं न्हवं, तेवढंच खारट पायजे." मी पळालेच.

माझ्या लक्षात राहिलं ते फक्त झोंबणं. म्हणून मी ठरवून टाकलं, जेवढं झोंबेल तेवढा गुण. नळाचं नुसतं पाणी घातलं. कपाळात आग पेटली, ती गुण येतोय म्हणून सोसली. मग त्यात चिमूटभर हळद घातली. सांगलीत राहून हळदीवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला वाकून नमस्कार केला आणि नाकातून पिवळं पाणी थेट पदरावर. डॉक्टर चांगलेच रागावले. नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही, उकळून कोमट करायचं, हळदबिळद काही नाही, थोडं मीठ फक्त. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं भान मला कुठलं? घरी येऊन चमचा भरून टाकलं. त्या आगीपुढे आधीची आग काहीच नव्हती. मोरीत तांब्या आपटला आणि तिथंच खाली बसून रडले. आता काही उरलं नाही, असं खरंच वाटलं. रडता रडता ओठावर खारट लागलं आणि तुमचं बोलणं आठवलं.

पाणी पुन्हा उकळलं, कोमट होऊ दिलं. जरा जरा मीठ घालत, चाखत गेले. जमलं तेव्हा एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसरीतून गुपचूप बाहेर आलं. अजिबात झोंबलं नाही. त्या रात्री मी आडवी होऊन झोपले, आबा. गळती काही कायमची थांबलेली नाही. पाणी रोज करावं लागतं. पण आज वर्गात एक अख्खी कविता न खाकरता म्हटली. मोठ्या बाई दारात थांबून ऐकत होत्या. दिवाळीनंतरचं अजून ठरायचंय.

हे लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. आज सकाळी नेती करून आरशात पाहिलं, तर माझे डोळे पांढरेस्वच्छ होते. आई गेली त्या वर्षीचे तुमचे लालभडक डोळे आठवले. मिठाचा अंदाज तर तुमचा कधी चुकत नव्हता.

आता तुम्हीही नाही, म्हणून हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तांब्याखाली दडपून ठेवेन. मघाशी लेकीनं विचारलं, आई, डोळे एवढे लाल का झाले? मी म्हटलं, काही नाही गं, नेती झोंबली.