टेबल, चहा आणि गाडीचे फोटो

कोल्डबर्न, २ सप्टेंबर

चि. म्युरिएल हिस,
अ. उ. आ.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मॉर्पेथच्या सुपरमार्केटच्या आवारातल्या पार्किंगवाल्या कंपनीने मला शंभर पौंडांची मागणी धाडली आहे. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी माझी गाडी सकाळी सव्वादहाला आत गेली आणि दुपारी साडेतीनला बाहेर आली म्हणे. तिथे थांबायची मुभा दोन तास. सोबत कॅमेऱ्याचे दोन फोटो आहेत. गाडी माझीच आहे.

मी लगेच त्यांना पत्र लिहिलं. घडल्या प्रकाराबद्दल अत्यंत दिलगीर आहे, तुम्हाला त्रास झाला, क्षमा असावी, असं सगळं नीट लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की तुम्ही स्वतःच चूक कबूल केल्यामुळे तुमची तक्रार फेटाळण्यात येत आहे. मी तक्रार कुठे केली होती?

पैशांचं मला काही नाही गं. पण क्लाइव्हने ते कागद पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. पाच तास तू तिथे काय करत होतीस, आई, असं त्याने तीनदा विचारलं. मला वाटतं मी मधे घरी आले होते, क्लबासाठी एक लांबलचक टेबल आणलं होतं. पण ते त्याच दिवशी की आदल्या, हे मला छातीठोक सांगता येईना. त्याने गाडीची किल्ली आपल्या खिशात घातली. शेजारच्यांच्या मुलीला गाडी हवीच आहे, महिन्याभरात देऊन टाकू म्हणाला. मायेनेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

आपली आईसुद्धा शेवटी असंच म्हणायची ना, मी मधे घरी आले होते म्हणून? मला भीती वाटते, म्युरिएल. इथे बस आठवड्यातून दोनदा येते. गाडी गेली की मी या खिडकीत बसणार, आणि मग खरंच विसरायला लागेन.

तुझे गुडघे कसे आहेत? उत्तर पाठव, आणि रागावणार असलीस तर हळू रागाव.

तुझी,
इनिड


व्हिटबी, ५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हळू रागावणं मला जमत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ताई, कुणी तुझ्या पायावर पाय दिला तरी तू त्याचीच माफी मागतेस. चहावाल्याने अंगावर चहा सांडला तेव्हा तू त्याला म्हणालीस की मीच मधे आले. आपल्या सगळ्या देशालाच ही खोड आहे, पण तू त्यात पहिला नंबर काढशील. ती कंपनी तुझ्यासारख्यांच्या जिवावरच जगते.

आता ऐक. हा सरकारी दंड नाही. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. एका खाजगी कंपनीने पाठवलेली मागणी आहे, आणि दिसायला मुद्दाम दंडासारखी छापलेली आहे. मलाही गेल्या साली इथल्या बंदरावर अशीच एक आली होती. मी भांडले आणि ती मागे घेतली. एक पैसा भरू नकोस. त्यांना एकच ओळ लिही: त्या दिवशीचे माझ्या गाडीचे तुमच्याकडे असतील तेवढे सगळे फोटो पाठवा. कायद्याने ते त्यांना द्यावेच लागतात. ‘कृपया’ एकदा चालेल. ‘क्षमस्व’ लिहिलंस तर माझ्याशी गाठ आहे.

आणि तो दिवस मला सकाळपासून सांग. क्लाइव्हला नको, मला. ते लांबलचक टेबल तुझ्या त्या डबीएवढ्या गाडीत मावलं तरी कसं?

आईचं म्हणशील तर आई आपण तिच्या कोण हेही विसरली होती. तुला मी गेल्या नाताळात किती पुडिंग खाल्लं ते अजून आठवतं, आणि तू ते चारचौघांत सांगतेस. आहे तो लोभ ठेव, आणि हात जोडणं आवर.

तुझी,
म्युरिएल


कोल्डबर्न, ९ सप्टेंबर

चि. म्युरिएल हिस,
अ. उ. आ.

ओळ लिहून पाठवली. ‘क्षमस्व’ दोनदा लिहिलं होतं, दोन्ही वेळा खोडून नवा कागद घेतला.

तो दिवस सांगते. सकाळी मी चहा आणायला गेले. गाडी लावली तोच आमच्या बागकामाच्या क्लबाचे सेक्रेटरी मिस्टर रदरफर्ड भेटले. लीकच्या भाजीच्या प्रदर्शनाला टेबलं कमी पडतात म्हणून ते आपल्या घरचं देणार होते, ते त्यांच्या गाडीच्या टपावरच होतं. प्रदर्शनापर्यंत ते तुमच्या घरी ठेवाल का म्हणाले, आणि इतक्या मोठ्या माणसाला माझी खरेदी होईपर्यंत थांबवून ठेवणं बरं दिसेना. आम्ही दोघांनी ते माझ्या गाडीत मागून सरकवलं. अर्धं बाहेरच राहिलं, म्हणून मागचं दार वर उघडं ठेवून, नॉर्मन गेल्यापासून गाडीतच पडून असलेल्या त्याच्या जुन्या गाऊनच्या नाडीने बांधलं. घरी आले, टेबल उतरवलं, किटली ठेवली, आणि पाहते तर चहाच नाही. तो आणायचा राहूनच गेला होता. मग जेवून पुन्हा गेले.

हे मी क्लाइव्हला सांगितलं नाही. चहा आणायला गेले आणि टेबल घेऊन आले, असं त्याला सांगायचं? शेजारच्या मुलीला त्याने त्याच संध्याकाळी गाडी दिली असती.

पण रदरफर्डना परवा विचारलं. गुरुवारच होता म्हणाले. मग मला जरा बरं वाटलं, तरी कॅमेऱ्यापुढे त्यांचं कोण ऐकणार?

लोभ आहेच, त्यात धीराची भर घाल.

तुझी,
इनिड


व्हिटबी, १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई बघायला वर आली. अगं, गाडीचा मागचा नंबर त्या दारावरच असतो! दार वर बांधलंस तेव्हा नंबर आभाळाकडे बघत होता. बाहेर पडताना कॅमेरा मागून फोटो काढतो. त्याला तुझं टेबल दिसलं असेल, नंबर नाही. कंपनीच्या लेखी तू बाहेर पडलीच नाहीस.

आता माझं एक ऐक. नाडीचा ‘न’सुद्धा कंपनीला लिहू नकोस. नंबर झाकून गाडी चालवली म्हणून खरा, सरकारी दंड होईल, आणि तू त्या पोलिसाला केक नेऊन देशील. फोटो येईपर्यंत गप्प बस. तू दुपारी पुन्हा आत गेलीस तेव्हा दार बंद होतं आणि पुढचा नंबर जागेवर होता. तो फोटो त्यांच्याकडे असणारच.

भीती सोड. चहा विसरणं हा आजार नाही. मी परवा चष्मा लावून चष्मा शोधत होते, आणि माझ्या किल्लीला कुणी हात लावलेला नाही.

तुझ्या मायेवर जगणारी,
म्युरिएल


कोल्डबर्न, ११ ऑक्टोबर

चि. म्युरिएल हिस,
अ. उ. आ.

फोटो आले! सकाळी आत जाताना एक, दुपारी दीडला पुन्हा आत जाताना एक, आणि साडेतीनला बाहेर पडताना एक. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी एवढंच विचारलं की माझी गाडी मधे बाहेर न पडता दोनदा आत कशी गेली, ते समजावून द्यावं. दुपारच्या फेरीचे तर दोनच तास होतात. आठवड्यात उत्तर आलं: मागणी रद्द. कारण काही दिलेलं नाही. दिलगिरीही नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

क्लाइव्ह रविवारी जेवायला आला. मी त्याला सगळं सांगितलं, चहा आणि नाडीसकट. तो हसला नाही. दुपारचा फोटो हातात घेऊन बसून राहिला. तो समोरून काढलेला आहे, काचेतून मी दिसते. मी नंबराशिवाय त्यात काही पाहिलंच नव्हतं. म्युरिएल, त्यात माझं तोंड हे एवढं उघडं आहे, मान वर आहे, आणि एक हात स्टिअरिंगवरून सुटून हवेत आहे. मी गात होते. गाडीत एकटी, मोठ्याने.

क्लाइव्ह म्हणाला, “आई, बाबा गेल्यापासून मी तुला गाताना ऐकलेलं नाही.”

मलाही ठाऊक नव्हतं गं. घरात मी गात नाही, चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. गाडीत गाते हे त्या कॅमेऱ्याने मला सांगितलं. क्लाइव्हचे डोळे भरून आले आणि माझेही. मग त्याने किल्ली खिशातून काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली, आणि फोटो विचारून घेऊन गेला.

शनिवारी तुझ्याकडे येते आहे. गाडीने, एकटी. वाटेत जेवढं आठवेल तेवढं गाईन.

दाराशी उभी राहा, लोभ समोरासमोर मागून घेईन.

तुझी,
इनिड