ज्याचा विरोध, त्यानेच होडी बघून यावी

ती. भाऊसाहेबांस,

वाकून नमस्कार. (वाकलो तो वर येता येईना, म्हणून उरलेला नमस्कार खुर्चीत बसूनच लिहितो आहे. कंबरेचं कारण पुढे ओघाने येईल.) तुमचा गुडघा, वहिनींची ॲसिडिटी आणि तुमच्या गच्चीची गळती या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून तेही लिहून टाकतो. प्रत्यक्षात क्षेम वगैरे काही नाही. तुमच्या धाकट्या बहिणीला मोटरबोट घ्यायची आहे.

नवी नव्हे, जुनी. मागे इंजिन टांगलेली, कुणीतरी वापरून, कंटाळून, परसात टाकून दिलेली. तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून. तर तळ्याच्या पलीकडच्या काठावर, हिच्या थोरल्या बहिणीच्या गावाला, जाणारी लाँच बंद झाली हे तुम्हाला ताईंनी फोनवर सांगितलंच असेल. प्रवासी मिळेनात म्हणे. आता ताईंकडे जायचं तर तळ्याला वळसा घालून जाणारी एकच बस, तीही वाटेत बदलायची. रविवार सोडून बाईसाहेबांना सुट्टी नाही (शाळेतल्या मुलींना मैदानावर पळवण्याचं काम अजून सुटलेलं नाही, आणि मुली नसल्या की मला पळवतात). रविवारी निघाल्या की ताईंच्या दारात पोचतात तेव्हा परतीची बस सुटायची वेळ झालेली असते. चप्पल काढायची, ताईंचं मोडलेलं हाड कसं आहे ते विचारायचं आणि चप्पल घालायची. मागच्या खेपेला तर चप्पल काढलीच नाही. ताई तिथून हलायला तयार नाहीत, आणि हाड जुळेपर्यंत त्यांना हलवताही येणार नाही. अलीकडे दोघी फोनवर बोलतात, आणि भाऊसाहेब, फार नीट बोलतात. "बरी आहेस ना", "हो, तू बरी आहेस ना". ज्या बहिणींनी जन्मभर एकमेकींचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही, त्या आता आपापली पाळी येईपर्यंत थांबतात. फोन ठेवल्यावर ही खिडकीशी उभी राहून पलीकडचे दिवे बघत बसते. त्यातून हे होडीचं निघालं. कारण समजतं मला, मी काही दगड नाही. पण कारण चांगलं असलं म्हणून होडी चांगली ठरत नाही.

माझा विरोध मी पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत नोंदवला. तिथेच माझं चुकलं, कारण मी तुमच्या घराण्याची ती भयंकर पद्धत विसरलो. ज्याला वस्तू हवी त्याने ती बघायला जायचं नाही. ज्याचा विरोध असेल त्यानेच जाऊन चौकशी करायची. तुमच्या वडिलांचं म्हणणं, प्रेमात पडलेल्याला खोट दिसत नाही, आणि रागावलेल्याच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नाही. म्हणून शिवणयंत्र बघायला ते स्वतः गेले आणि घराची जागा बघायला सासूबाईंना पाठवलं. (लग्नाआधी मला बघायला एकटे तुम्हीच का आलात, हे कोडं मला लग्न होऊन बरेच दिवस झाल्यावर सुटलं. ते असो.) पद्धतीत खोट एकच. विरोध करणारा माणूस इतक्या खेपा घालतो की ज्याला हवं असतं तो घरी आरामात चहा पीत बसतो. मी गप्प बसलो असतो तर तिला जाताच आलं नसतं, आणि सगळं प्रकरण आपोआप निवलं असतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुमच्या बहिणीला पक्कं ठाऊक आहे.

होडीचे मालक म्हणजे आमचे दातवाले डॉक्टर. दवाखाना बंद करून ते आता घरीच असतात. त्यांच्या मागच्या परसात बाकावर होडी आणि होडीभोवती दवाखान्यातल्या खुर्च्या, असा तो थाट आहे. चालवणाऱ्याच्या जागी त्यांनी रुग्णाची खुर्चीच बसवली आहे, मान टेकायच्या उशीसकट. त्या खुर्चीत बसलं की माणूस नकळत तोंड उघडतो. मी उघडलं. तळाला जागोजागी पांढरे ठिपके दिसले म्हणून विचारलं, तर ते दात भरायचं सिमेंट निघालं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात टिकलं ते पाण्यात का टिकणार नाही, असा त्यांचा उलट सवाल. तोंडात ते किती टिकतं हे मला विचारा. त्यांनी भरलेली माझी दाढ पहिल्याच घासाला रिकामी झाली होती. पण बोलणार कधी? डॉक्टरांना जन्माची सवय, समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशाच वेळी प्रश्न विचारायचे. चहाचा कप हातात देतात, आपण घोट तोंडात घेतला की लगेच म्हणतात, "मग, पसंत आहे ना?" आपण घोट गिळेपर्यंत ते मान डोलावून पुढच्या विषयाला लागलेले असतात. माझा होकार त्यांनी असा तीनचारदा तरी घेऊन ठेवला आहे.

मी लिफ्टची तपासणी करण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. लोखंडी दोर, कड्या, चाकं सगळं हात लावून पाहिल्याशिवाय सही केली नाही, आणि पहिल्या भेटीत तर कधीच नाही. मी डॉक्टरांना विचारलं की हिच्यात किती माणसं बसू शकतात याची पाटी कुठे आहे. ते म्हणाले, बुडायला लागली की एक कमी करायचं. अशा माणसाशी पुढे काय बोलणार? तरी मी होडीच्या मागच्या फळीवर, जिथे इंजिन टांगतात तिथे, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. एका बाजूला आवाज टणटणीत, दुसऱ्या बाजूला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. म्हणजे लाकूड आतून कुजलेलं. मी आनंदाने घरी आलो (खोटं कशाला सांगू, वाटेत शीळसुद्धा घातली) आणि ही बातमी दिली. तुमच्या बहिणीने वहीत मुलींची हजेरी मांडता मांडता मान वर न करता सांगितलं, "मग फळी बदलून मिळेल का ते विचारून या." झालं. तेव्हापासून हेच चाललं आहे. मी खोट शोधून आणायची आणि तिने मला त्याच खोटीच्या पाठीमागे परत पाठवायचं. सुतार झाला, रंगवाला झाला, इंजिनाच्या पंख्याचं वाकलेलं पातं सरळ करणारा झाला. बाजारात लोक मला आता "काय होडीवाले" म्हणून हाक मारतात. विरोध करणारा मी, आणि होडीवाला मीच.

आता कंबर. इंजिन चालतं का हे बघायला मी आमच्या स्कूटर मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने ते इंजिन पाण्याच्या पिंपावर आडव्या फळीला घट्ट आवळलं, म्हणजे पंखा पाण्यात आणि मशीन वर. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभा राहिला. इंजिन अजून सुरूच झालेलं नव्हतं. दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरांचा खांदा दुखतो आणि मेकॅनिकला ऐकायचं होतं. ओढली, काही नाही. परत ओढली, ठसका आला. चोक थोडा ढकलून पुन्हा ओढली तेव्हा इंजिन सुरू झालं आणि मी बंद पडलो. कंबरेत अशी काही लचक भरली की मी पिंपाला मिठी मारूनच उभा राहिलो. पिंपातलं पाणी माझ्या तोंडावर उडतं आहे, परसभर निळा धूर, आणि मेकॅनिक बोट दाखवून ओरडतो आहे की बघा, बघा, लघवी साफ होते आहे. (यंत्र थंड ठेवणारं पाणी मागच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडतं, त्याला तो हे म्हणतो. ते पडलं नाही तर यंत्र भाजून मरतं.) एकूण मत विचारलं तर म्हणाला, आवाज चांगला आहे, पण कशाचा ते सांगता येत नाही. हा आमचा तज्ज्ञ. घरी आल्यावर माझ्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी देताना तुमच्या बहिणीने काय विचारलं असेल? कितव्या ओढीला सुरू झालं.

तर भाऊसाहेब, आता तुम्हीच मध्ये पडा. माझं ऐकणं तिने कधीच सोडलं आहे, पण तुमचा शब्द ती मोडणार नाही. होडी कुजकी आहे, इंजिन म्हातारं आहे, तळ्यावर दुपारनंतर वारा सुटतो, आणि तिला पट्टीचं पोहता येत असलं तरी वाऱ्याला ते माहीत नसतं. ताईंसाठी दुसरा काही मार्ग काढू. मी दर रविवारी बसने जाऊन निरोप पोचवीन, वाटल्यास दोघींच्या वतीने भांडेनसुद्धा. पण होडी नको. कडक पत्र लिहा, अगदी वडीलकीच्या नात्याने. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा त्रस्त मेहुणा

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. सकाळी डॉक्टरांकडे शेवटचं "नको" सांगायला गेलो होतो. पाहतो तर पलीकडच्या रस्त्यावरचा हॉटेलवाला होडीभोवती माप घेत फिरतो आहे. त्याला ती मधोमध कापून दारात उभी करायची आहे, काउंटर म्हणून. इंजिन म्हणे भंगारात जाईल, तसंही ते मेलेलंच आहे. मेलेलं? मी त्याला सांगितलं की हे इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू होतं, चोक अर्धा ठेवावा लागतो एवढंच. तो हसला. मग मी पिंप भरलं, इंजिन आवळलं आणि सुरू करून दाखवलं (दुसऱ्याच ओढीला, कंबरेसकट). फळी नवी बसणार आहे, सुतार ठरला आहे, पातं सरळ झालं आहे आणि ही होडी पलीकडच्या काठावर जाणार आहे, हॉटेलाच्या दारात नाही, असंही मी बोललो. जरा मोठ्यानेच बोललो असेन. हॉटेलवाला निघून गेला. डॉक्टरांनी चहाचा कप माझ्या हातात दिला, मी घोट घेतला, आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. या वेळी मी घोट गिळून, थांबून, तोंडाने हो म्हणालो.

ता. क. दुसरा. तेव्हा ते कडक पत्र लिहू नका. म्हणजे लिहाच, पण वेगळं. तुमचाही होडीला सक्त विरोध आहे असं तिला कळवा. मग पद्धतीप्रमाणे ती तुम्हालाच चौकशीला बोलावून घेईल आणि तुम्हाला इथे येऊन राहायला कारण मिळेल. खरं काम वेगळं आहे. पूर्वेच्या काठाला वेताच्या झुडपांमागे उथळ पाणी आहे, सकाळी तिथे कुणी फिरकत नाही. तिथे तुम्ही मला पोहायला शिकवायचं. तिला सांगितलं तर ती आनंदाने शिकवेल, पण शिट्टी फुंकून, शाळेतल्या सगळ्या मुलींच्या देखत. येताना तुमची एखादी जुनी पोहण्याची चड्डी आणा. इथल्या दुकानात माझ्या मापाची मागितली तर होडीवाल्याच्या जोडीला आणखी एक नाव पडेल.

ता. क. शेवटचा. या वयात हे कशाला, असं वहिनी विचारतील. त्यांना सांगा, ती ताईंकडे जाणारच, आणि गेलीच पाहिजे. ताईंना माणूस हवं आहे, आणि हिला ताई. दुपारी वारा सुटेल, इंजिन मध्येच ठसकेल, ती हसत हसत दोरी ओढत बसेल. तेव्हा मी काठावर उभा राहून बघू शकणार नाही, भाऊसाहेब. मला त्या होडीत बसायचं आहे.